परड्यासाठी बी कुठून घ्यायचं?

मे संपत आला की मोबाईलवर 'चाळीस भाज्यांचा कॉम्बो पॅक' दिसायला लागतो. दिसला ना? घेण्याआधी हा भाग ऐका. मृगाला टाकलेलं बी रुजलं नाही, तर जातात ते नुसते पैसे नाहीत. ते कळेपर्यंत दोन आठवडे जातात, पाऊस जोर धरतो आणि दुसऱ्यांदा लावलेली कोवळी रोपं कुजतात. म्हणजे यंदाचं पडवळ, दोडका, काकडी गेलंच.

माझं मत विचाराल तर वेलभाज्यांचं बी आधी वाडीतच मागा. शेजारच्या काकीकडे नाहीतर आजीकडे, राखेत घोळवून डब्यात ठेवलेलं असतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो या बियाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. घाटावर मस्त येणारं वाण मालवणात टिकेलच असं नाही. आणि कोणी मागितलंच नाही तर? आजीने दोन-तीन पावसाळे लावलं नाही की त्या बियाची उगवण जाते, वाण संपतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरातलं बी जपलं; २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वाडीत नाही मिळालं, तर मालवण तालुक्यातच किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची वाणं विचारा: कारल्याचं कोकण तारा, चवळीचं कोकण सदाबहार, वालाचं कोकण भूषण. फक्त बी शिल्लक आहे का, ते आधी फोन करून बघा.

आता दुकान किंवा ऑनलाइन. पाकिटावरचा फोटो सोडा, मागची बाजू वाचा. उगवण चाचणीची तारीख बघा, ती साधारण नऊ महिने धरतात. निळी चिठ्ठी म्हणजे सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेलं बी. हिरवट चिठ्ठीवर शब्द कंपनीचा. 'एफ वन' किंवा 'हायब्रिड' लिहिलं असेल तर पीक चांगलं येईल, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ मिळणार नाही. बरणीतून सुटं मोजून देतात ते मी तरी घेत नाही. आपली दमट हवा लागून उगवण कधी गेली, कोणाला कळणार? आणि त्या कॉम्बोत अर्ध्या भाज्या थंडीतल्याच असतात. जूनमध्ये फ्लॉवर लावून काय करणार?

कुठूनही आणा, पेरायच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. भेंडीच्या बियाला किमान उगवणच ६५ टक्के ठरवलेली आहे, म्हणजे दहातल्या तीन रुजल्या नाहीत तर कोणी फसवलं असं नाही. तीन-चारच रुजल्या, तर बी बदला.

बी घरचं असेल, तर पडवळाचं एक चांगलं फळ काढू नका. वेलावरच लालभडक पिकू द्या, मग बी धुऊन सावलीत सुकवा. काकीचं देणं फेडायलाही तेच उपयोगी पडेल.