आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल : कृश रुग्णातील हृद्रोगबीज

भोर व वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांत भातशेतीत राबणारा, चढ-उतार करणारा कृश मनुष्य पाहिला की त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा विचार सहसा होत नाही. मेदोवृद्धी म्हणजे स्थौल्य, हे समीकरण या व्याधीत फसवे ठरते.

शुक्र-शोणितदोषांतून येणाऱ्या व्याधींना सुश्रुताचार्यांनी ‘आदिबलप्रवृत्त’ म्हटले आहे. प्रस्तुत विकाराचा विचार त्याच वर्गात करावा लागेल.

संप्राप्ती : यकृतपेशींवरील ग्राहक रक्तातील एल.डी.एल. कोलेस्टेरॉल उचलून घेतात. बहुतेक रुग्णांत या ग्राहकाच्या जनुकातच दोष असतो. त्यामुळे जन्मापासून एल.डी.एल. वाढलेले राहते व धमन्यांत साठते. या ग्राहकाच्या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २५० व्यक्तींत एकास हा दोष असतो. माता-पित्यांपैकी एक बाधित असल्यास प्रत्येक अपत्यास ५० टक्के संभव असतो. दोघेही बाधित असल्यास २५ टक्के अपत्यांत तीव्र प्रकार संभवतो व बाल्यातच हृद्रोग होऊ शकतो. मामे-आते भावंडांच्या विवाहांत हे विशेष लक्षात घ्यावे. उपचाराविना सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत हृद्रोग गाठतो.

निदान : घराण्यात अकाली हृदयविकार वा आकस्मिक मृत्यू, टाचेमागील कंडरा जाड होणे, पंचेचाळिशीपूर्वी बुबुळाभोवती पांढरट कडे ही लक्षणे शोधावीत. मात्र ती नसली तरी व्याधी नाही असे समजू नये. प्रौढात एल.डी.एल. १९० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर वा अधिक आढळल्यास संशय घ्यावा. अवटु ग्रंथी व वृक्कविकार वगळून भावंडे व अपत्ये यांचीही तपासणी करवावी.

चिकित्सा : पथ्याहार, व्यायाम व तंबाखूत्याग आवश्यकच, पण बीजदोष त्यांनी जात नाही. गुग्गुळावर आपली श्रद्धा असली तरी २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत गुग्गुळ अर्काने एल.डी.एल. घटले नाही, उलट किंचित वाढले. स्टॅटिन औषधांनी यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती घटते व निरोगी जनुकापासून होणारे ग्राहक वाढतात. म्हणून ती दीर्घकाळ घ्यावी लागतात.

औषधविक्रेत्यांनीही ‘अहवाल आता चांगला आला’ म्हणून गोळी थांबविणाऱ्या ग्राहकास समजवावे. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीस मात्र आधी हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. वैद्यबंधूंनी रुग्णाची प्रकृती विचारताना त्याच्या पित्याचे व चुलत्यांचे मृत्यूसमयीचे वय विचारण्याचा परिपाठ ठेवावा. त्या एका प्रश्नाने एखादे कुटुंब वाचू शकेल.