कुंभयुग आणि एक अंश

कुंभयुग उजाडलं की माणूस आतून बदलेल, असं पाश्चात्त्य ज्योतिषी सांगतात. कधी उजाडणार, यावर त्यांचंच एकमत नाही! पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे वसंतसंपात मीनेतून कुंभेकडे मागे सरकतो आहे; ७२ वर्षांत जेमतेम एक अंश. रास ओलांडायला सुमारे २१५० वर्षं. आमचं कलियुग तर ४,३२,००० वर्षांचं. बँकेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला एवढ्या मुदतीची ठेव परवडायची नाही. उभं आयुष्य त्या एका अंशात संपतं.

२०००-०१ साली बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, तेव्हा आमचे एक धास्तावलेले सहकारी पत्रिका घेऊन दारोदार हिंडत. पुढे ते पहाटे ज्ञानेश्वरी वाचू लागले. ‘‘ग्रह पालटले का?’’ मी विचारलं.

‘‘पत्रिका कुठं ठेवली तेच आठवत नाही,’’ म्हणाले, आणि चष्मा पुसून पुढची ओवी वाचू लागले.