नावाची किंमत मोजणारी पहिली तारका

१९१० सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील चित्रपट व्यवसायाच्या एका साप्ताहिकात एक आगळीवेगळी जाहिरात झळकली. एका लोकप्रिय अभिनेत्रीचा ट्रामच्या अपघातात मृत्यू झाल्याची जी वार्ता पसरवली जात आहे ती धादांत खोटी असून ही अभिनेत्री सुखरूप आहे, असे त्यात ठणकावून सांगितले होते. तिचे नवे चित्रपट लवकरच प्रेक्षकांच्या भेटीला येतील, हे सांगायलाही जाहिरातदार विसरला नव्हता. मृत्यूची ती अफवा जाहिरात देणाऱ्या कंपनीच्याच कार्यालयात शिजली असावी, असे चित्रपटाचे इतिहासकार मानतात. अफवा कोणाचीही असो, तिचा परिणाम मात्र खरा ठरला. ज्या चेहऱ्याला लाखो प्रेक्षक ओळखत होते, त्या चेहऱ्याचे नाव आता सर्वतोमुखी झाले. ते नाव होते फ्लॉरेन्स लॉरेन्स.

अमेरिकेची पहिली चित्रतारका म्हणून आज तिचा उल्लेख केला जातो. चित्रपटातील कलावंताला नाव असावे, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की त्यासाठी कधी काळी झगडावे लागले असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परिस्थिती नेमकी उलट होती.

चेहरा होता, नाव नव्हते

फ्लॉरेन्सचा जन्म २ जानेवारी १८८६ रोजी कॅनडातील हॅमिल्टन या शहरात झाला. तिचे मूळ आडनाव ब्रिजवूड. आई शार्लट ही 'लॉटा लॉरेन्स' या नावाने रंगभूमीवर वावरणारी अभिनेत्री आणि एका फिरत्या नाटक मंडळीची चालक होती. आईचे रंगभूमीवरील आडनावच पुढे मुलीला चिकटले. शिट्टीवर सूर काढणारी 'बेबी फ्लो' म्हणून ती अगदी लहान वयातच रंगमंचावर उभी राहिली. आईची नाटक मंडळी मोडली आणि १९०६ च्या सुमारास या मायलेकी कामाच्या शोधात न्यूयॉर्कला आल्या.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा चित्रपटाचा धंदा नुकता बाळसे धरू लागला होता. एडिसनच्या कंपनीने सीमाप्रांतातील शिकारी वीर डॅनियल बून याच्यावर काढलेल्या चित्रपटात फ्लॉरेन्सला काम मिळाले. त्यामागे तिच्या अभिनयापेक्षा घोडेस्वारीचे कसब अधिक कारणीभूत होते. रोजची बिदागी होती ५ डॉलर. त्यानंतर ती व्हिटाग्राफ कंपनीत गेली. तेथे अभिनयाबरोबरच कपडे शिवण्याचे कामही तिच्याकडे असे. १९०८ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा तरुण दिग्दर्शक तिला आठवड्याला २५ डॉलर वेतनावर बायोग्राफ कंपनीत घेऊन आला. त्याच वर्षी हॅरी सॉल्टर या सहकलावंताशी तिचा विवाह झाला.

बायोग्राफमध्ये कामाचा झपाटा विलक्षण होता. दहा-पंधरा मिनिटांचा एक चित्रपट काही दिवसांत तयार होई आणि आठवड्याला दोन या वेगाने प्रदर्शित होई. एका वर्षात फ्लॉरेन्स अशा कित्येक चित्रपटांत झळकली. जोन्स नामक दांपत्याच्या संसारातील गमतीजमतींची चित्रमालिका विशेष लोकप्रिय झाली. त्याच जोडीला टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर आधारित गंभीर चित्रपटातही तिने भूमिका केली. प्रेक्षक तिच्यासाठी कंपनीकडे पत्रे पाठवू लागले. परंतु पत्रावर नाव कोणते घालणार? कंपनी तिचे नाव सांगतच नव्हती. अखेर प्रेक्षकांनीच तिचे 'बायोग्राफ गर्ल' असे बारसे केले.

नाव दडवण्यामागचे गणित

या मौनामागे अनेक कारणे होती. रंगभूमीवरील अनेक कलावंतांना चित्रपटात काम करणे कमीपणाचे वाटे. आपले नाव पुढे येऊ नये, अशीच त्यांची इच्छा असे. परंतु कंपन्यांचे कारण अधिक रोकडे होते. त्या काळी चित्रपट कापडासारखा फुटाच्या भावाने विकला जाई. चित्रपटगृहाचा मालक कंपनीचा शिक्का पाहून माल घेई. त्यात कोण आहे, याला महत्त्व नव्हते. एकदा का प्रेक्षक नावाने कलावंताची मागणी करू लागले, की कलावंत त्या मागणीचा मोबदला मागणार, हे कंपन्या ओळखून होत्या. नाव दडवणे हा वेतन आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होता.

या कंपन्या एकट्यादुकट्याही नव्हत्या. डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ, व्हिटाग्राफ आदी कंपन्यांनी आपले पेटंट हक्क एकत्र करून 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी' हा संघ उभारला. कॅमेरा आणि प्रक्षेपणयंत्रावर हक्क सांगून त्यांनी चित्रपटगृहांकडून दर आठवड्याला २ डॉलर वसूल करण्यास प्रारंभ केला. परवाना नसलेल्यांवर खटल्यांचा ससेमिरा लागला.

१९०९ साली फ्लॉरेन्स आणि सॉल्टर यांना या संघाचा हिसका बसला. अधिक चांगल्या वेतनाच्या आशेने त्यांनी एसने या कंपनीला पत्र लिहून काम करण्याची तयारी दर्शवली. एसने ही संघातीलच कंपनी. तिने ही बाब बायोग्राफच्या कानावर घातली आणि बायोग्राफने पती-पत्नीला तत्काळ कामावरून दूर केले. हजारो चाहते असलेली अभिनेत्री एका दिवसात बेकार झाली. तिच्याजवळ स्वतःचे नाव असते तर त्या चाहत्यांना तिला हाक तरी मारता आली असती. तिची 'बायोग्राफ गर्ल' ही ओळखही कंपनीच्याच मालकीची होती. ती पुढे मेरी पिकफर्ड या नव्या मुलीकडे गेली.

लेम्ले यांचा डाव

संघाविरुद्ध बंड पुकारलेले कार्ल लेम्ले याच सुमारास नव्या चेहऱ्याच्या शोधात होते. जर्मनीतून आलेले आणि शिकागोत चित्रपटगृहे व वितरणाचा धंदा उभारलेले लेम्ले आता 'आयएमपी' या नावाने स्वतःचे चित्रपट काढत होते. संघाच्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर प्रेक्षक ओळखतील अशी एखादी खूण हवी होती. शिक्का नवा, पण चेहरा ओळखीचा, असे गणित त्यांनी मांडले. फ्लॉरेन्सला त्यांनी करारबद्ध केले. मृत्यूच्या अफवेचे आणि जाहिरातीचे नाट्य हा त्याच गणिताचा पुढील भाग होता.

त्यापाठोपाठ सहकलावंत किंग बॅगट याच्यासह तिला सेंट लुइस शहरात प्रेक्षकांसमोर आणण्यात आले. गर्दी लोटली. चाहत्यांनी आठवण म्हणून तिच्या कोटाची बटणे तोडून नेल्याचे सांगितले जाते. पडद्यावरील छाया प्रत्यक्षात पाहण्यासाठी लोक धडपडतात, हे चित्रपट व्यवसायाला या भेटीने दाखवून दिले. पहिल्या तारकेचा मान नेमका तिचाच का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. व्हिटाग्राफच्या फ्लॉरेन्स टर्नर हिचे नावही त्याच सुमारास प्रेक्षकांना कळले होते. मात्र नावाच्या बळावर चित्रपट विकता येतो, हे लेम्ले यांच्या या डावाइतके ठळकपणे क्वचितच कोणी सिद्ध केले असेल.

एक वर्षही पुरते न राहता ती आयएमपीमधून बाहेर पडली. फिलाडेल्फियातील लुबिन कंपनीत तिने काही काळ काम केले. १९१२ मध्ये लेम्ले यांच्याच पाठबळाने तिने आणि सॉल्टर यांनी 'व्हिक्टर' ही स्वतःची कंपनी स्थापन केली. आठवड्याला २५ डॉलरवर काम करणारी अभिनेत्री चार वर्षांत ५०० डॉलर मिळवू लागली. न्यू जर्सीत तिने जमीनजुमला घेतला, गुलाबांची बाग लावली.

मोटारींचेही तिला वेड होते. गाडी कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्या वाहनाला कळावे म्हणून बटण दाबताच वरखाली होणारा संकेतदर्शक हात आणि ब्रेक दाबताच मागे 'थांबा' दाखवणारी पाटी तिने आपल्या गाडीसाठी योजली होती. त्याचे पेटंट मात्र तिने घेतले नाही. त्यामुळे येथेही तिच्या नावाची अधिकृत नोंद राहिली नाही.

आगीनंतर

'पॉन्स ऑफ डेस्टिनी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात आगीचा प्रसंग होता. लावलेली आग हाताबाहेर गेली. फ्लॉरेन्स भाजली, पडली आणि तिला जबर दुखापत झाली. त्यातून सावरण्यास तिला अनेक महिने लागले. १९१६ मध्ये 'इल्युसिव्ह इझाबेल' या चित्रपटाद्वारे ती परतली, परंतु कामाचा ताण शरीराला झेपला नाही आणि ती पुन्हा अंथरुणाला खिळली.

हीच वर्षे अमेरिकी चित्रपटात उलथापालथीची होती. आखूड चित्रपटांची जागा तास-दीड तासाच्या कथापटांनी घेतली. व्यवसाय पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियात स्थिरावू लागला. १९१५ मध्ये न्यायालयाने पेटंटधारकांच्या संघाविरुद्ध निकाल दिला. नावाची किंमत तर गगनाला भिडली. १९१६ मध्ये मेरी पिकफर्डने आठवड्याला १०,००० डॉलरचा करार केला. तारकापद्धतीचे पीक असे तरारून आले, तेव्हा तिची पेरणी ज्या नावाने झाली ती अभिनेत्री कापणीच्या वेळी आजारी होती.

१९२१ मध्ये ती हॉलिवूडमध्ये आली. 'द अनफोल्डमेंट' या चित्रपटात तिला प्रमुख भूमिका मिळाली. पण प्रेक्षकांची पिढी बदलली होती. पुढे तिच्या वाट्याला किरकोळ भूमिकाच आल्या. तिने सौंदर्यप्रसाधनांचे दुकानही चालवून पाहिले. सॉल्टर यांचे १९२० मध्ये निधन झाले होते. नंतरचे दोन विवाह टिकले नाहीत. १९२९ मध्ये आईचे छत्रही हरपले. १९३६ मध्ये एमजीएम या बड्या कंपनीने जुन्या कलावंतांना आठवड्याला ७५ डॉलरवर लहानसहान कामे देण्यास सुरुवात केली, त्यात तीही होती. बहुतेक वेळा या भूमिकांना श्रेयनामावलीत स्थान नसे. तिचा चेहरा पुन्हा एकदा नावाविना पडद्यावर येऊ लागला. असाध्य आजाराने ग्रासलेल्या फ्लॉरेन्सने २८ डिसेंबर १९३८ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे आपले जीवन संपवले. हॉलिवूडमधील दफनभूमीत तिला चिरविश्रांती मिळाली. पण तेथे तिच्या नावाचा दगड नव्हता. तो बसवला गेला १९९१ मध्ये. त्यावर तिच्या नावासोबत 'बायोग्राफ गर्ल' ही जुनी ओळख आणि पहिल्या चित्रतारकेचा मान कोरला आहे.

काय उरले, काय गेले

तिच्या चित्रपटांचे नशीबही असेच विचित्र निघाले. बायोग्राफ कंपनी हक्कनोंदणीसाठी आपल्या चित्रपटांच्या कागदावर काढलेल्या प्रती 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करत असे. ज्वालाग्राही फिल्म जळून वा कुजून गेली, तरी कागद टिकला. त्या कागदांवरून हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आणता आले. याउलट लुबिनच्या कोठारात १९१४ मध्ये भीषण स्फोट होऊन मूळ प्रती नष्ट झाल्या. 'व्हिक्टर' कंपनी ज्या युनिव्हर्सलमध्ये विलीन झाली, तिने १९४८ मध्ये आपल्याकडील बहुतांश मूकपट स्वतःहून नष्ट केले.

परिणामी, ज्या चित्रपटांनी फ्लॉरेन्सचे नाव मिरवले, त्यांतील फारच थोडे आज उपलब्ध आहेत. तिची कला आज पाहायची तर प्रामुख्याने बायोग्राफच्या त्या छोट्या चित्रपटांकडेच वळावे लागते, ज्यांत तिचे नाव कुठेही दिसत नाही. फरक इतकाच, की आज ते पाहणाऱ्याला ती कोण, हे ठाऊक असते.