शहर आणि खेडे : बडोद्याच्या निमित्ताने

महोत्सवी अंकात संस्थेच्या आजवरच्या कार्याचा वृत्तांत वाचकांस मिळेलच. त्याच्या जोडीला, ज्या बडोदे शहरात आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्या शहराच्या वाढीचा आणि भोवतालच्या खेड्यांचा सरकारी धोरणांत कसा विचार होतो, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. शहर सुधारणे हे एक काम आणि खेडे सुधारणे हे दुसरेच काम, असा समज आज रूढ झाला आहे. हा समज आपणां सर्वांनाच महाग पडत आहे.

बडोदे संस्थानात हा भेद फारसा मानला जात नसे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1881 साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग त्यांनी राजधानीत न करता 1893 साली अमरेली तालुक्यात केला आणि 1906 साली ते शिक्षण सर्व राज्यास लागू केले. 1910 साली अमेरिकेहून बोर्डन यांस आणवून ग्रंथालयांची जी योजना आखली, तीत राजधानीतील मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर गावोगावची वाचनालये होती व पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयेही होती. शहराला पाणी मात्र खेड्याकडून आले. पूर्वेकडील आजव्याचा तलाव आजही शहराची तहान भागवीत आहे. तात्पर्य, शाळा व पुस्तके शहराकडून गावाकडे गेली, तर पाणी व धान्य गावाकडून शहराकडे आले. समतोल विकास म्हणतात तो याहून फार निराळा नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. 1951 च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे सतरा माणसे शहरांत राहत होती. 2011 साली ती एकतीस झाली. त्यास अनुसरून योजनाही निघाल्या. शहरांसाठी 2005 साली जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे नागरी पुनरुत्थान अभियान निघाले, तर 2015 साली शंभर शहरांचे स्मार्ट सिटी अभियान निघाले. या दुसऱ्या अभियानात बडोद्याचाही समावेश होता व ते मार्च 2025 मध्ये समाप्त झाले. खेड्यांसाठी 2000 साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. 2016 साली खेड्यांचे तीनशे समूह निवडून त्यांस शहरी सोयी देण्याचे रूर्बन अभियानही आले. प्रत्येक योजनेचा हेतू चांगला. परंतु प्रत्येकीचे खाते वेगळे, निधी वेगळा आणि नकाशाही वेगळा.

शहराची हद्द वाढते तेव्हा शेतजमिनीचे काय होते, हेही पाहू. गुजरातेत 1976 च्या कायद्यान्वये नगररचना योजना आखल्या जातात. त्यांचे मूळ मुंबई इलाख्याच्या 1915 च्या कायद्यात आहे. यात सरकार सगळी जमीन खरेदी करीत नाही. शेजारशेजारच्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, बागा, शाळा यांसाठी काही भाग काढून घेतात आणि उरलेल्या जमिनीचे सरळ आखलेले भूखंड मूळ मालकांस परत देतात. भूखंडाची किंमत वाढते, त्या वाढीचा काही अंश मालकाने सुधारणेच्या खर्चापोटी भरावयाचा असतो. शेतकऱ्यास सर्वस्वी बेदखल न करणारी ही पद्धत निःसंशय चांगली आहे. तथापि योजनेची रेघ जेथे संपते, तेथे तिचा विचारही संपतो.

नदी मात्र अशी रेघ मानीत नाही. विश्वामित्री पावागडाकडून येते, शेतांतून शहरात शिरते व पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. पुराचे पाणी सामावून घेणारी तिच्या काठची कोतरे व सखल जागा शहर वाढत गेले तशा ठिकठिकाणी भरावाखाली व बांधकामाखाली गेल्या. ऑगस्ट 2024 मध्ये मोठा पाऊस झाला, तेव्हा याच नदीचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरले. आपल्यांपैकी ज्यांची घरे त्या वेळी पाण्यात होती, त्यांस अधिक सांगावयास नको. वरच्या अंगाच्या गावांतील तळी बुजली तर पुराचे पाणी शहरावर वेगाने येते, आणि शहराने नदीत घाण सोडली तर ती खालच्या अंगाच्या गावांना भोगावी लागते. केवळ शहरापुरता उपाय केल्याने हे दुखणे बरे होणारे नाही.

याची तरतूद आपल्या राज्यघटनेत आहे. 1993 साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यास जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून सर्व जिल्ह्याचा एक आराखडा तिने करावयाचा असतो. त्यात पाण्याच्या व इतर नैसर्गिक साधनांच्या वाटपाचा विचार व्हावा, असेही घटनेने स्पष्ट म्हटले आहे. समितीचे चारपंचमांश सभासद जिल्हा पंचायतीच्या व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यांतून निवडावयाचे आणि त्यांचे प्रमाण ग्रामीण व नागरी लोकसंख्येनुसार असावयाचे. पुष्कळ ठिकाणी ही समिती निधीच्या वाटणीपुरतीच उरली आहे; पण साधन हाताशी आहे, हे विसरता कामा नये.

मग आपण काय करावे? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना मागवितात. तो नकाशा पाहावा, आपल्या भागातील तलाव, नाले व कोतरे त्यात दाखविली आहेत की नाहीत हे तपासावे आणि नसल्यास लेखी कळवावे. ज्यांची गावी शेतीवाडी आहे, त्यांनी ग्रामसभेस आवर्जून जावे. नगरसेवकास रस्त्याविषयी विचारतो, तसेच नदीविषयीही विचारावे. आपल्या संस्थेत अभियंते, वकील, शिक्षक आहेत, तसेच शेती करणारेही आहेत. या सर्वांनी वर्षातून एकदा एकत्र बसून असे नकाशे वाचले, तर संस्थेच्या कार्यात एका उपयुक्त कामाची भर पडेल, अशी आमची नम्र सूचना आहे.