लॅपटॉपचा मुक्काम बदलतो तेव्हा

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस होता. सायंकाळी सातच्या सुमारास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आपल्या अभ्यासिकेत आला. केबल लावली तर इंटरनेट मिळेना. केबल काढून वायफाय जोडले तर 'कनेक्टेड' असे लिहून आले, परंतु एकही पान उघडेना. "दादा, वसतिगृहात हा उत्तम चालतो, इथल्याच लाइनमध्ये बिघाड आहे," असे त्याचे म्हणणे होते. मात्र त्याच टेबलावर, त्याच केबलवर थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या मुलीचे काम सुरळीत झाले होते. कुणी म्हणाले, लॅपटॉप दुकानात नेऊन विंडोज नव्याने टाका. असा सल्ला देणारे नेहमीच हजर असतात, आणि त्यापायी विद्यार्थ्यांचे पैसे व फाइली दोन्ही जातात. वास्तविक लॅपटॉपला काहीही झालेले नव्हते. तो फक्त वसतिगृहाचा पत्ता उराशी धरून बसला होता. गावी सुट्टीवर जाणाऱ्या, नोकरीनिमित्त फिरणाऱ्या अनेकांवर हा प्रसंग येतो, म्हणून त्याची कारणे थोडी सविस्तर सांगत आहोत.

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. त्यास आयपी ॲड्रेस म्हणतात. १९२.१६८.१.५ असे चार आकडे आपण पाहिले असतील. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे काय, तर प्रत्येक चाळीत जशी पाच नंबरची खोली असते, तसा हा पत्ता हजारो घरांत व कार्यालयांत एकाच वेळी असू शकतो. खोलीच्या नंबराला अर्थ असतो तो त्या चाळीपुरता. परळच्या चाळीतला नंबर घेऊन आपण नागपूरच्या चाळीत गेलो, तर तो नंबर तिथे नसेल, किंवा त्या खोलीत दुसरेच कुणी राहत असेल. लॅपटॉपचे नेमके असेच होते. पत्त्यासोबत आणखी एक आकडा असतो तो गेटवेचा, म्हणजे बाहेर पडण्याच्या दाराचा. जुन्या चाळीचे दार नव्या चाळीत शोधत राहिले तर बाहेर पडणार कसे?

यावर उपाय म्हणून डीएचसीपी नावाची पद्धत १९९३ साली प्रसिद्ध झाली व १९९७ साली सुधारली गेली. वसतिगृहाचा गृहपाल जसा नव्याने आलेल्याला रिकामी खोली ठरावीक मुदतीसाठी देतो, तसे राऊटर नव्याने जोडलेल्या यंत्राला पत्ता देतो आणि गेटवे कोणता हेही सांगतो. नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, म्हणजे डीएनएस, कोणता तेही त्यातच कळते. मुदत संपत आली की यंत्र ती वाढवून घेते. मात्र यंत्राने विचारले पाहिजे. आपण हाताने आकडे भरून ठेवले की ते विचारतच नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडले होते. वसतिगृहात त्याला एका कागदावर आकडे लिहून मिळाले होते व ते त्याने केबलच्या सेटिंगमध्ये भरले होते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या क्रमाने गेल्यास 'आयपी असाइनमेंट' ही ओळ दिसते. तिथे 'मॅन्युअल' होते, ते 'ऑटोमॅटिक' केले. तत्पूर्वी जुने आकडे वहीत उतरवून घेतले. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी, नाहीतर परत गेल्यावर कागद शोधत फिरावे लागते.

केबल चालू झाली असे दिसले, तरी पाने उघडेनात! इथे आमचीही थोडी फजिती झाली. केबलचे आणि वायफायचे पत्ते लॅपटॉपमध्ये वेगवेगळे ठेवलेले असतात; एकाचा दोष दुसऱ्याला लागत नाही. मग दोन्हीकडे एकच रडगाणे का? कारण प्रॉक्सी. त्याच्या वसतिगृहातून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी प्रॉक्सी नावाच्या मध्यस्थ संगणकामार्फत जात असे. विंडोजमध्ये प्रॉक्सीची नोंद केबल व वायफाय या दोहोंना एकत्र लागू होते. तो मध्यस्थ अभ्यासिकेतून सापडणार कुठून? नेटवर्क अँड इंटरनेटमधील 'प्रॉक्सी' या पानावर जाऊन ती नोंद बंद केली आणि पाने उघडू लागली. नऊच्या आत अर्ज गेला.

पत्ता जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे की यंत्राने विचारले पण कुणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक नंबर लावून घेतला. अशा वेळी केबल नीट बसली आहे का, राऊटर चालू आहे का, हे आधी पाहावे. रेल्वे स्थानकावरील वायफायची गोष्ट वेगळी. मुंबई सेंट्रल येथे जानेवारी २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली, व पुढे अनेक स्थानकांवर झाली. तिथे आधी मोबाईल क्रमांक विचारणारे पान उघडावे लागते. हाताने भरलेला डीएनएस असेल तर ते पानच काही वेळा येत नाही, म्हणून तोही ऑटोमॅटिक ठेवावा. अशा सार्वजनिक ठिकाणी नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' निवडावा, म्हणजे शेजारच्या यंत्रांना आपला लॅपटॉप सहज दिसत नाही.

आता राहिला प्रश्न वसतिगृहात परत गेल्यावरचा. तिथे आकडे हातानेच भरावे लागतात, मग दर शनिवारी काढायचे आणि दर सोमवारी भरायचे काय? तशी गरज नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये केबलच्या जोडणीचे गुणधर्म उघडून 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडावे. पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडलेला असेल तर 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' नावाचे दुसरे पान दिसते. वसतिगृहाचे आकडे तिथे भरावेत. यंत्र आधी पत्ता मागते. कुणी दिला नाही तरच थोडे थांबून हे आकडे वापरते. पत्ता वाटणारा राऊटर वसतिगृहात असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही. मॅकमध्ये याच कामासाठी 'लोकेशन' तयार करता येतात, आणि लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये प्रत्येक जोडणीची स्वतंत्र नोंद ठेवता येते.

आम्ही त्या विद्यार्थ्याला ही सोय त्याच रात्री करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहातून त्याचा फोन आला, "दादा, केबल आपोआप जोडली गेली, पण आता इथे पाने उघडत नाहीत." प्रॉक्सी पुन्हा चालू करायला तो विसरला होता.