संपादक नसलेलं पहिलं पान

गेल्या आठवड्यात पाहिलेल्या 'स्लॅशडॉट' या बातम्यांच्या साइटवर कुठली बातमी लागणार, हे मोजकी संपादक मंडळी ठरवत. ही मंडळीच मधून काढली तर काय होईल, हे करून पाहिलं टीव्हीवरच्या एका पोरसवदा चेहऱ्याने.

केविन रोझ, जन्म 1977. नेवाडातलं विद्यापीठ अर्धवट सोडून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या 'टेकटीव्ही' वाहिनीत पडद्यामागच्या कामाला लागला. तिथल्या 'द स्क्रीन सेव्हर्स'मध्ये लिओ लापोर्टसारखे जाणते सूत्रधार प्रेक्षकांच्या रुसलेल्या संगणकांवर इलाज सांगत. रोझ कॅमेऱ्यासमोर आला तो 'डार्क टिप्स' घेऊन, म्हणजे कंपन्यांच्या कपाळावर आठी पडेल अशा आडवाटेच्या युक्त्या. 2004मध्ये 'जी4'ने वाहिनी घेतली आणि बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. रोझ टिकला, सूत्रधारही झाला. पण त्याचं मन तोवर दुसरीकडे लागलं होतं.

डिसेंबर 2004मध्ये 'डिग' सुरू झालं. कोणीही दुवा टाकावा, वाचकांनी आवडला तर बटण दाबावं, पुरेशी मतं वेगाने पडली की तो पहिल्या पानावर. एखादी छोटी साइट तिथे झळकली की वाचकांच्या लोंढ्याने तिचा सर्व्हर झोपायचा. पुढच्याच वर्षी 'डिगनेशन' आलं: रोझ आणि ॲलेक्स अल्ब्रेक्ट सोफ्यावर बसून, हातात बिअर घेऊन, आठवड्याच्या गाजलेल्या बातम्यांवर गप्पा मारत. ऑगस्ट 2006मध्ये 'बिझनेसवीक'ने त्याला मुखपृष्ठावर आणून 18 महिन्यांत 6 कोटी डॉलर कमावल्याचं छापलं. ही सगळी कागदावरची श्रीमंती होती, हे मात्र मथळ्याला सांगायचं नव्हतं.

आता 1 मे 2007. एचडी-डीव्हीडीवरच्या चित्रपटांचं नक्कलरोधक कुलूप उघडणारी 32 अंकाक्षरांची किल्ली कोणीतरी डिगवर टाकली. हक्कदारांची नोटीस येताच कंपनीने ती काढली. वाचक भडकले. एक नोंद उडवली की दहा नव्या. संध्याकाळपर्यंत पहिलं पान त्या किल्लीनेच भरून गेलं. रात्री रोझने माघार घेतली. निवेदनात त्याने खटल्याची तयारी दाखवलीच, वर निवेदनाच्या मथळ्यात ती किल्लीच छापली! धाडस खरंच, पण मालकाला दुसरा पर्यायही उरला नव्हता.

तरी हे लोकराज्य दिसतं तितकं सरळ नव्हतं. पहिल्या पानावरचे बरेच दुवे ठरावीक मूठभर सदस्यांचे असत. संपादक गेले, पाटीलकी राहिली.

ती मोडायला ऑगस्ट 2010मध्ये डिगची चौथी आवृत्ती आली आणि घोळ झाला. नावडती बातमी खाली दाबायचं बटण गायब. मोठ्या प्रकाशकांना आपले दुवे आपोआप ओतायची मुभा. चिडलेल्या सदस्यांनी डिगचं पहिलं पान 'रेडिट' या प्रतिस्पर्धी साइटच्या दुव्यांनी भरलं आणि पुष्कळ जण तिकडेच राहायला गेले. 2012मध्ये 'बीटावर्क्स'ने डिगचं नाव आणि साइट सुमारे 5 लाख डॉलरला घेतली. रोझ तोवर गूगलमध्ये गेला होता, तिथून गुंतवणूकदार झाला.

मार्च 2025मध्ये त्याने डिग परत विकत घेतलं. जोडीला भागीदार कोण, तर रेडिटचा सहसंस्थापक ॲलेक्सिस ओहानियन. 2010च्या त्या नव्या रूपात गुंतवणूकदारांची लुडबुड दिसते, असं रोझला उघड पत्रातून सुनावणारा तो हाच. त्याचं रेडिट पुढच्या लेखांकात.