आता मराठीत सांग!

परवा संध्याकाळी पुतणी वही घेऊन समोर येऊन बसली. ती अकरावीला आहे. इंग्रजीच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला होता : ‘नॉन्सेन्स’ या शब्दाला दहा समानार्थी शब्द शोधा. घरातला जुना जाडजूड शब्दकोश काढला आणि आम्ही दोघेही थक्क झालो. दहा कसले, पन्नास निघाले! बाल्डरडॅश, पॉपीकॉक, बंकम, ट्वॉडल, हॉगवॉश, गिबरिश, मम्बो-जम्बो, गॉबलडिगूक... नुसते उच्चारले तरी हसू यावे. पुतणी म्हणाली, “काका, हे इंग्रज लोक एवढं काहीच्या बाही बोलत होते की काय?”

म्हटले, आपण तरी कुठे मागे आहोत? बडबड, वटवट, बरळणे, पाल्हाळ, चऱ्हाट, बाष्कळ, वायफळ. गाय दूध देईनाशी झाली की ती भाकड. तशीच जिच्यातून हाती काही लागत नाही ती भाकडकथा. आमच्या माळशिरस तालुक्यात उसाचे राज्य, त्यामुळे ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की खऱ्या गुऱ्हाळात शेवटी गुळाची ढेप तरी मिळते. चर्चेच्या गुऱ्हाळात नुसती चिपाडे.

इंग्रजीतल्या ‘बंकम’ची गोष्ट याच जातीची. १८२० साली अमेरिकेच्या संसदेत मिसुरी राज्याच्या प्रश्नावर वादविवाद चालू होता. सभासद कंटाळले होते, मत देऊन मोकळे व्हावे असे सर्वांना वाटत होते. तेवढ्यात फेलिक्स वॉकर नावाचे सभासद बोलायला उभे राहिले. लोकांनी ‘बसा, बसा’ म्हणून पाहिले, पण गृहस्थ ऐकेनात. आपण बोलतो आहोत ते आपल्या बंकम परगण्यासाठी, असे त्यांचे म्हणणे. मतदारांना दाखवण्यापुरते केलेले पोकळ भाषण म्हणजे ‘बंकम’, असा अर्थ त्यावरून रूढ झाला. परगणा अमेरिकेतला, पण आपल्याला ओळखीचा वाटतो, नाही?

शब्द वहीत उतरवता उतरवता एक गोष्ट ध्यानात आली. यांतले काही शब्द बोलणाऱ्याच्या पोकळपणाला नावे ठेवतात. पण दुसऱ्या काही शब्दांत बोलणाऱ्याचा काहीच दोष नाही. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नाही, एवढेच. प्राचीन ग्रीकांना परक्यांचे बोलणे ‘बर बर’ असे ऐकू येई, म्हणून ते सगळे ‘बार्बारोस’. आपला ‘बर्बर’ही त्याच्याच नात्यातला. ‘म्लेच्छ’ या शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणे हाच अर्थ आहे. इंग्रजाला काही कळले नाही की तो म्हणतो, ‘हे मला ग्रीक आहे’. जर्मन माणसाला ते ‘स्पॅनिश’ वाटते, आणि खुद्द ग्रीकाला ‘चिनी’! जो तो आपले अज्ञान शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो.

आपल्याकडे हा मान कानडीला मिळाला. जुन्या मराठीत ‘कानडा’ म्हणजे कर्नाटकातला, तसाच ‘न कळणारा’ही. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, त्याचे हे दोन्ही अर्थ लावतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटकडे कितीतरी घरांतून कानडी बोलली जाते. त्या घरांत ती लेकराला निजवण्याची भाषा आहे. तुकोबांचा एक अभंग आहे. कानडी बाईने मराठी नवरा केला. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना. ती जवळ ये म्हणून हाक मारते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळ काढतो. देवा, माझे असे होऊ देऊ नकोस, असे तुकोबा विनवतात. या संसारात मूर्ख कुणीच नाही. दोघांची मने चांगली आहेत, मधला दुवा तेवढा तुटला आहे.

पण नवरा-बायको दोघेही मराठी असतील आणि तरीही एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नसेल तर?

आमची आत्या वस्तीवर राहायची. शाळा चौथीपर्यंत, पण पोथी स्वतः वाचायची. काही वर्षांपूर्वी दिवाळीत तिला भेटायला गेलो, तर तिने ट्रंकेतून, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेला एक कागद काढला. एका कार्यालयातून आलेला. शिक्का होता, म्हणून तिने तो देवासारखा सांभाळला होता. मी मोठ्याने वाचला : “उपरोक्त विषयांकित प्रकरणी सदरहू नोंदीबाबत आपली काही हरकत असल्यास ती विहित मुदतीत लेखी सादर करावी, न पेक्षा आपणांस काही एक सांगावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही अनुसरण्यात येईल.”

आत्या शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “वाचलंस न्हवं? आता मराठीत सांग की.”

ते मराठीच होते! तिला ‘हरकत’ हा शब्द ठाऊक होता तो ‘हरकत नाही’ एवढ्यापुरता. तो तिने जन्मभर समंजसपणे वापरला होता. जमिनीच्या वाटणीच्या नोंदीत तिचे नाव गळाले होते आणि तेच तो कागद विचारत होता. पण मुदत केव्हाच उलटून गेली होती. पुढे अपील, तारखा, एस.टी.चे हेलपाटे. नाव लागले, पण तीन वर्षांनी. तोवर तिचे गुडघे गेले होते.

अशा भाषेसाठीच इंग्रजीत ‘गॉबलडिगूक’ हा शब्द आहे. १९४४ साली मॉरी मॅव्हरिक या अमेरिकन अधिकाऱ्याने तो बनवला. कचेरीतले जडजंबाल खलिते वाचून तो वैतागला होता, आणि टर्की कोंबड्याच्या रुबाबदार पण निरर्थक आवाजावरून त्याला हा शब्द सुचला. पुढे १९७९ साली इंग्लंडमध्ये ख्रिसी माहेर या बाईंनी लंडनला संसदेसमोरच्या चौकात सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडून सोप्या इंग्रजीची चळवळ उभी केली. या बाई स्वतः वाचायला शिकल्या त्याच मुळी ऐन किशोरवयात. न कळण्याचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आपल्याकडे हे सांगणारे आणखी कितीतरी आधी होऊन गेले. केशोबासांना संस्कृतात ग्रंथ रचायचा होता, तेव्हा महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृताने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे कारण त्यांनी दिले. शब्द पाहा : नागवणे, म्हणजे लुबाडणे. न कळणारी भाषा ही नुसती गैरसोय नव्हे, ती लूट आहे, हे त्यांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांची पालखी दर आषाढीला आमच्या माळशिरसवरून जाते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आनंदच आहे. पण वस्तीवरच्या म्हातारीला कळेल असा कागद जेव्हा तिच्या हाती पडेल, तेव्हा मला खरा आनंद होईल.

पुतणीने दहा शब्द उतरवून घेतले. मी तिला आणखी एक घरचा अभ्यास दिला. आजी-आजोबांच्या ट्रंकेत, गादीखाली, देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेले शिक्क्याचे कागद या रविवारी काढ आणि त्यांना मराठीत सांग. तुलाही कळले नाहीत, तर तो कागद घेऊन थेट कचेरीत जा आणि बिनदिक्कत विचार. तसे विचारण्यात लाज कसली?